मुखशुष्कता

मुखशुष्कता म्हणजे तोंडाला सतत कोरड पडल्याची जाणीव. वैद्यकशास्त्रात हिला झेरोस्टोमिया असे म्हणतात. हा स्वतंत्र रोग नसून बहुधा अन्य कारणाचे लक्षण असते. भीतीने किंवा तहानेने तोंड काही काळ कोरडे पडणे स्वाभाविक आहे. मात्र ही अवस्था टिकून राहिल्यास दात, हिरड्या व आहार या तिन्हींवर परिणाम होतो. वृद्धांमध्ये ती अधिक आढळते. तथापि तिचे मुख्य कारण वय नसून वयाबरोबर वाढणारे आजार व त्यांवरील औषधे हे होय.

लाळेचे कार्य

निरोगी प्रौढ व्यक्तीच्या तोंडात दिवसाला साधारणपणे अर्धा ते दीड लिटर लाळ स्रवते. कानांपुढील, जबड्याखालील व जिभेखालील अशा लालाग्रंथींच्या तीन प्रमुख जोड्या आहेत. लाळेत सुमारे ९९ टक्के पाणी असते. उरलेल्या अल्प अंशातील बायकार्बोनेट आम्लाचे उदासिनीकरण करते, कॅल्शियम व फॉस्फेट दातांनी गमावलेल्या क्षारांची भरपाई करतात, तर लायसोझाइमसारखी प्रथिने जंतूंना आवर घालतात. तोंडातील जिवाणू साखरेपासून आम्ल तयार करतात. सामू सुमारे ५.५ च्या खाली गेला की दातांवरील एनॅमल विरघळू लागते. लाळ कमी असल्यास आम्ल दीर्घकाळ टिकते व दात किडतात.

कारणे

औषधे हे सर्वांत सामान्य कारण आहे. ॲलर्जी, नैराश्य, उच्च रक्तदाब व मूत्राशयाच्या तक्रारी यांवरील अनेक औषधांनी लाळ कमी होते. डोके व मान यांच्या कर्करोगावरील किरणोपचारांत लालाग्रंथींना कायमची इजा होऊ शकते. अनियंत्रित मधुमेह, शरीरातील पाणी कमी होणे, तोंडाने श्वास घेणे आणि तंबाखू ही अन्य कारणे होत. श्योग्रेन संलक्षणात शरीराची प्रतिकारयंत्रणा लालाग्रंथी व अश्रुग्रंथींवरच आघात करते; स्वीडिश नेत्रतज्ज्ञ हेन्रिक श्योग्रेन यांनी १९३३ मध्ये त्याचे सविस्तर वर्णन केले.

लक्षणे व निदान

भाकरीसारखा कोरडा घास गिळताना पाणी लागणे, जीभ टाळूला चिकटणे, चव बदलणे, ओठ फुटणे, मुखदुर्गंधी व रात्री पाण्यासाठी जाग येणे ही प्रमुख लक्षणे आहेत. हिरडीलगत दात किडणे, तोंडात बुरशीचा संसर्ग होणे आणि कवळी नीट न बसणे हे पुढील परिणाम होत. लाळेचा वेग नेहमीच्या सुमारे निम्मा होईपर्यंत अनेकांना कोरड जाणवत नाही. विश्रांतीच्या अवस्थेत मिनिटाला ०.१ मिलिलिटर किंवा त्याहून कमी लाळ स्रवत असल्यास ती अपुरी मानतात.

व्यवस्थापन

प्रथम मूळ कारण शोधले जाते. औषधामुळे कोरड पडत असली, तरी रक्तदाबाचे किंवा मानसिक आजाराचे औषध स्वतःहून बंद करणे धोक्याचे असते. डॉक्टर मात्रा कमी करू शकतात किंवा पर्यायी औषध देऊ शकतात.

दिवसभर पाण्याचे लहान घोट घेणे व साखरविरहित च्युइंगगम चघळणे यांमुळे आराम पडतो. खडीसाखर किंवा लिमलेटची गोळी चघळल्याने तात्पुरते बरे वाटते. परंतु लाळेअभावी तीच साखर दातांचा घात करते. लिंबू व चिंच यांनी लाळ सुटते, पण त्यांच्या आम्लाने एनॅमलची झीज होते. तंबाखू, मिश्री, मद्य व मद्यार्कयुक्त गुळण्या वर्ज्य कराव्यात. कृत्रिम लाळही उपलब्ध आहे. ग्रंथी अंशतः कार्यरत असल्यास डॉक्टर पायलोकार्पिन हे लाळवर्धक औषध देतात. दमा व काचबिंदूच्या काही प्रकारांत ते वर्ज्य असते.

दातांचे रक्षण

फ्लोराइडयुक्त टूथपेस्टने दिवसातून दोनदा, मऊ ब्रशने दात घासावेत. रात्री दात घासल्यानंतर पाण्याशिवाय काही घेऊ नये, कारण झोपेत लाळ सर्वांत कमी स्रवते. आंबट पदार्थ खाल्ल्यास पाण्याने चूळ भरून अर्ध्या तासाने दात घासावेत. कवळी रात्री काढून स्वच्छ करावी. दंतवैद्य तपासणीच्या वेळी अधिक फ्लोराइडचा लेप लावू शकतात. किरणोपचार घेणाऱ्या रुग्णांनी उपचार सुरू होण्यापूर्वीच दंततपासणी करून घेणे आवश्यक असते. किरणोपचारानंतर दात काढल्यास जबड्याच्या हाडाची जखम न भरण्याचा धोका संभवतो.