'भिडस्त' माणसाला इंग्रजीत काय म्हणाल? नेमका शब्द शोधताना आपण इथे चुकतो

आमच्या एका मित्राने ऑफिसच्या अप्रेझल फॉर्ममध्ये 'तुमची कमजोरी' या रकान्यात लिहिलं, 'आय ॲम शाय'. त्याला म्हणायचं होतं, मी भिडस्त आहे. कुणी काम आणून दिलं की त्याला नाही म्हणता येत नाही आणि मग रात्री दहापर्यंत बसावं लागतं. साहेबांनी अर्थ भलताच घेतला. पुढच्या वेळी क्लायंटसमोर बोलायचं काम दुसऱ्याला मिळालं. गडी बोलण्यात एकदम तरबेज, पण फॉर्मवर लाजाळू!

शाय म्हणजे लाजाळू, बुजरा. चार नवी माणसं दिसली की ज्याच्या घशाला कोरड पडते तो. भिडस्त माणूस गप्पांचा फड जिंकू शकतो, त्याचं अडतं ते फक्त 'नाही' या एका शब्दापाशी. इंग्रजीत त्याला जवळचा शब्द 'पीपल-प्लीझर', म्हणजे सगळ्यांना खूश ठेवायला धडपडणारा. 'पुशओव्हर' असाही एक शब्द आहे, पण त्यात 'कुणीही यावे टपली मारून जावे' असा सूर आहे. तो स्वतःबद्दल लिहू नये. शिवाय 'भीड' म्हटलं की समोरच्याचा मान राखणं आलं, ते या दोन्ही शब्दांत नाही. अशा वेळी सरळ वाक्य लिहून मोकळं व्हावं: 'आय फाइंड इट हार्ड टू से नो.' एकाच शब्दाचा हट्ट कशाला?

हल्ली बायोमध्ये 'शाय'च्या जागी 'इंट्रोव्हर्ट' लिहितात. तोही वेगळा प्राणी आहे. स्विस मानसोपचारतज्ज्ञ कार्ल युंग यांच्या १९२१ सालच्या 'सायकॉलॉजिकल टाइप्स' या पुस्तकानंतर हा शब्द गाजला. ज्याचा ओढा बाहेरच्या जगापेक्षा स्वतःच्या आतल्या जगाकडे असतो, तो इंट्रोव्हर्ट. लग्नात सगळ्यांशी हसून-खेळून बोलणारी आणि घरी आल्यावर 'आता दोन तास मला कुणी हाक मारू नका' म्हणणारी तुमची मावशी इंट्रोव्हर्ट असू शकते. ती लाजाळूही नाही आणि माणूसघाणीही नाही. माणूसघाण्यासाठी इंग्रजीत 'मिसॅन्थ्रोप' आहे, पण तो शब्द जरा जड आहे. रोजच्या बोलण्यात 'ही डझन्ट लाइक पीपल' पुरतं.

आता आपला सगळ्यात लाडका शब्द घ्या: टेन्शन. मराठीत तो कुठेही चालतो. इंग्रजीत मात्र आधी टेन्शन कशाचं ते पाहावं लागतं. उद्या इंटरव्ह्यू आहे आणि पोटात गोळा आलाय, तर तुम्ही 'नर्व्हस'. तीन डेडलाइन एकाच दिवशी आल्यात, तर 'स्ट्रेस्ड'. रात्रीचे अकरा वाजले, मुलगी अजून घरी आली नाही आणि फोनही लागत नाही, तर 'वरीड'. आणि असं नेमकं कारण सापडत नसतानाही काहीतरी वाईट होणार असं सारखं वाटत राहतं, तर 'अँक्शस'. या शब्दांच्या सीमा थोड्या एकमेकांत शिरतात, पण डॉक्टरांशी किंवा बॉसशी बोलताना एवढा फरकसुद्धा कामी येतो.

जाता जाता, 'आय ॲम बोरिंग' म्हणजे 'मी कंटाळवाणा माणूस आहे'. कंटाळा आला असेल तर 'बोअर्ड' म्हणा.

लग्नाच्या जाहिरातीतला 'होमली' तर आणखी धोक्याचा. आपल्याला म्हणायचं असतं घरात रमणारी. अमेरिकन इंग्रजीत मात्र 'होमली' म्हणजे दिसायला बेताची. तिकडच्या स्थळासाठी बायोडेटा पाठवताय? मग 'फॅमिली-ओरिएंटेड' लिहा.

एका शब्दाबाबत मात्र खरंच जपायला हवं. मॅच हरली, 'डिप्रेस्ड'. सोमवार आला, 'डिप्रेस्ड'. रोजच्या इंग्रजीत 'खूप उदास' या अर्थी तो चालतो, यात चूक नाही. पण डिप्रेशन हा आजारही आहे. दिवसातला बराच वेळ, जवळजवळ रोज, किमान दोन आठवडे उदास वाटणं किंवा कशातच रस न वाटणं ही त्याची मुख्य खूण. दर सोमवारी हाच शब्द स्टेटसला दिसला, तर ज्याला खरंच हे होतंय त्याचं स्टेटसही लोक हसण्यावारी नेतात. मॅच हरल्यावर 'सॅड', 'अपसेट', 'गटेड' असे कितीतरी शब्द आहेत. आणि हे वर्णन तुम्हाला खरंच लागू पडत असेल, तर टेलि-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे.

मराठी शब्दावरून इंग्रजी शब्द शोधायचा असेल तर मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश पाहा. त्याची १८५७ सालची आवृत्ती शिकागो विद्यापीठाच्या साइटवर फुकट शोधता येते. खवचट, कोडगा, चोंबडा असल्या शब्दांसाठी तर वाचायला धमाल येते. फक्त तिथलं इंग्रजी दीडशेहून अधिक वर्षं जुनं आहे, त्यामुळे शब्द उचलून थेट बॉसला पाठवू नका. आजच्या एखाद्या इंग्रजी कोशात त्याची उदाहरणवाक्यं आधी बघा.

आमच्या मित्राने यंदा फॉर्मवर ते 'से नो'वालं वाक्य लिहिलं. आता साहेब काम देण्याआधी विचारतात, 'नक्की जमेल ना?' आणि तो अजूनही हो म्हणतो.