हृदयविद्या शिकायची कुणाच्या हाताखाली?

1930 सालच्या फेब्रुवारीत विव्हियन थॉमस नावाचा 19 वर्षांचा सुतार नॅशव्हिलच्या वँडरबिल्ट विद्यापीठात नोकरीला लागला. कॉलेजात जाऊन डॉक्टर व्हायचं म्हणून त्याने पैसे साठवले होते. मंदीत आधी काम सुटलं, मग बँक बुडाली आणि साठवलेलं सगळं गेलं. डॉ. आल्फ्रेड ब्लेलॉक यांना प्रयोगशाळेत मदतनीस हवा होता. त्यांनी या मुलाला हाताशी घेतलं, प्राण्यांवरच्या शस्त्रक्रिया आणि रसायनांची मोजमापं शिकवली, नोंदी कशा ठेवायच्या ते दाखवलं. थोड्याच काळात थॉमस एकट्याने प्रयोग उभे करू लागला. पगारपत्रकावर मात्र तो सफाई कामगार होता, कारण कृष्णवर्णीय माणसासाठी विद्यापीठात दुसरा हुद्दाच नव्हता.

1941 मध्ये ब्लेलॉक बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये गेले, तेव्हा थॉमसही बरोबर गेला. तिथे हेलन टॉसिग या बालहृदयतज्ज्ञ ‘निळ्या बाळांनी’ अस्वस्थ झालेल्या होत्या. तरुणपणीच त्यांना ऐकू येणं कमी झालं होतं, त्यामुळे बाळाच्या छातीवर बोटं ठेवून त्या ठोके ‘वाचत’. टेट्रालॉजी ऑफ फॅलो या जन्मजात दोषात हृदयाकडून फुप्फुसांकडे जाणारी वाट अरुंद असते आणि दोन जवनिकांमधल्या, म्हणजे खालच्या कप्प्यांमधल्या, पडद्याला भोक असतं. शुद्ध व्हायला जायचं ते रक्त तसंच अंगभर फिरतं आणि बाळाचे ओठ, नखं निळी पडतात. गर्भात महाधमनी आणि फुप्फुसधमनी यांना जोडणारी एक छोटी वाहिनी असते. जन्मानंतर ती मिटते. टॉसिगबाईंच्या लक्षात आलं की ती उघडी असेपर्यंत ही बाळं बरी असतात, मिटली की खालावतात. मग शल्यविशारदाने तशीच एक वाट नव्याने का करून देऊ नये?

उत्तर थॉमसच्या हातात आधीपासूनच होतं. वँडरबिल्टमध्ये फुप्फुसांतला रक्तदाब वाढतो का, हे पाहण्यासाठी त्याने हाताकडे जाणारी धमनी फुप्फुसधमनीला जोडली होती. दाब वाढला नाही, प्रयोग फसला. आता तोच जोड कामी येणार होता. थॉमसने सुमारे 200 कुत्र्यांवर काम केलं. आधी कुत्र्यात हा आजार निर्माण करायचा आणि मग तो दुरुस्त करायचा, असं दुहेरी काम होतं. बाजारात मिळणाऱ्या सुया एवढ्या बारीक धमन्यांना चालेनात, म्हणून त्याने त्या स्वतः कापून, घासून आखूड आणि टोकदार केल्या.

29 नोव्हेंबर 1944 रोजी आयलीन सॅक्सन या 15 महिन्यांच्या मुलीवर शस्त्रक्रिया झाली. तिचं वजन जेमतेम चार-साडेचार किलो होतं. ब्लेलॉक यांनी हा जोड स्वतःच्या हाताने कधी पूर्ण केला नव्हता. प्रयोगशाळेत त्यांनी थॉमसला एकदा मदत केली होती, एवढंच. त्यांनी थॉमसला बोलावून घेतलं आणि आपल्या उजव्या खांद्यामागे स्टुलावर उभं केलं. टाका कुठून घालायचा, किती अंतरावर घालायचा, हे थॉमस मागून सांगत होता. आयलीन काही महिनेच जगली, पण तिच्यामागून आलेली हजारो मुलं वाचली.

त्या खोलीत डेंटन कूली नावाचा तरुण इंटर्नही होता. पुढे त्याने ह्यूस्टनमध्ये टेक्सास हार्ट इन्स्टिट्यूट स्थापन केली आणि 1969 मध्ये माणसाच्या छातीत जगातलं पहिलं संपूर्ण कृत्रिम हृदय बसवलं. हॉपकिन्समधल्या शल्यविशारदांची एक अख्खी पिढी थॉमसच्या प्रयोगशाळेत टाके घालायला शिकली. टॉसिगबाईंकडे शिकायला देशोदेशीचे डॉक्टर येत, त्यात भारताच्या शिवरामकृष्ण अय्यर पद्मावतीही होत्या. त्या आपल्या पहिल्या महिला हृदयरोगतज्ज्ञ. भारतात परतल्यावर त्यांनी दिल्लीत हृदयरोगाचं शिक्षण आणि उपचार यांचा पाया घातला आणि वयाच्या नव्वदीनंतरही त्या रुग्ण तपासत राहिल्या.

ब्लेलॉक यांनी हात शिकवले, दार मात्र उघडलं नाही. 1945 मध्ये या शस्त्रक्रियेवरचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला, त्यात थॉमसचं नाव नव्हतं. पुढे त्याने बाल्टिमोरमध्ये पदवीची चौकशी केली तेव्हा पहिल्या वर्षापासून सुरुवात करावी लागेल असं कळलं, आणि डॉक्टर होईपर्यंत पन्नाशी आली असती. हॉपकिन्सने मानद पदवी दिली ती 1976 मध्ये. माझ्या मते मार्गदर्शकाची परीक्षा इथेच होते. कौशल्य देणं हे अर्धं काम. पुढच्या पायरीसाठी शब्द टाकणं, श्रेयात नाव घालणं, फीची सोय कुठे होईल ते सांगणं, हे उरलेलं अर्धं.

आज बाल्टिमोरमध्ये थॉमसच्या नावाची सरकारी शाळा आहे, तिथे मुलं आरोग्यक्षेत्राची तयारी करतात. 2021 मध्ये त्याच्याच नावाने हॉपकिन्सला 15 कोटी डॉलरची देणगी मिळाली, तीही ज्यांना संशोधनाची दारं सहसा उघडत नाहीत अशा विद्यार्थ्यांच्या पीएच.डी.साठी. स्टॅनफर्डच्या हृदयशस्त्रक्रिया विभागात उन्हाळ्यात शाळकरी मुलांनाही टाके घालायला शिकवतात. जे थॉमसच्या वाट्याला नशिबाने आलं, ते ठरवून घडवण्याची ही धडपड आहे.

अशा वर्गात नेमकं काय होतं, ते आपल्याकडे कुठल्याही शाळेत करून पाहता येईल. मटणवाल्याला सांगून बोकडाचं हृदय महाधमनी थोडी लांब राखून आणायचं. महाधमनीत वरून पाणी ओतलं की आतल्या झडपेचे तीन पडदे एकमेकांना भिडतात आणि पाणी अडतं. पडद्यांच्या लगेच वर दोन बारीक छिद्रं दिसतात. तिथून हृदयाच्या स्वतःच्या रक्तवाहिन्या निघतात, आणि त्या तुंबल्या की झटका येतो. मग हृदय उभं चिरायचं. डाव्या जवनिकेची भिंत जाडजूड, उजवीची पातळ, कारण डावीला सगळ्या अंगात रक्त ढकलायचं असतं आणि उजवीला शेजारच्या फुप्फुसांत. निळ्या बाळाची उजवी भिंतही जाड का होते, हे मग मुलं स्वतःच सांगतात. अरुंद वाटेतून रेटा द्यावा लागतो ना!

आपल्याकडे हृदयरोगतज्ज्ञ व्हायचं तर एमबीबीएस इंटर्नशिपसह साडेपाच वर्षांचं, त्यावर तीन वर्षं एमडी, आणखी तीन डीएम. एकही वर्ष वाया गेलं नाही तरी साडेअकरा वर्षं. त्याआधी ‘नीट’ची तयारी वेगळीच. एवढ्या लांबच्या वाटेवर पाऊल टाकणाऱ्या मुलाने रक्तवाहिनीतून नळी घालून हृदय तपासतात ती कॅथलॅब बहुधा आतून पाहिलेलीच नसते. घरात डॉक्टर असेल तर गोष्ट वेगळी. शिवाय या क्षेत्रात डॉक्टरच लागतात असंही नाही. शस्त्रक्रियेत हृदय थांबवलेलं असताना हार्ट-लंग मशीन चालवणारा पर्फ्युजनिस्ट असतो, टू-डी इको काढणारे तंत्रज्ञ असतात. तिरुवनंतपुरमच्या श्रीचित्रा संस्थेत डॉ. वल्यथन यांच्या नेतृत्वाखाली अभियंत्यांनी भारतीय कृत्रिम झडप घडवली. आधीची तीन मॉडेलं बाद झाली, चौथं टिकलं आणि 1990 मध्ये ते पहिल्यांदा रुग्णाला बसलं. दहावीतल्या किती मुलांना ठाऊक असतं की धातू आणि प्लास्टिक यांचा अभ्यास करूनही हृदय वाचवता येतं?

वैद्यकीय विद्यार्थ्यांसाठी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची (आयसीएमआर) दोन महिन्यांची संशोधन शिष्यवृत्ती कित्येक वर्षांपासून आहे. पण ती एमबीबीएसला प्रवेश मिळाल्यावर. शाळकरी वयासाठी पुण्याच्या ‘आयुका’ या खगोलशास्त्राच्या संस्थेने उन्हाळ्याच्या सुट्टीत वेगळा पायंडा पाडला. मुलांचा छोटा गट आठवडाभर एकाच शास्त्रज्ञाबरोबर काम करतो. आकाशाच्या बाबतीत जे पुण्यात जमलं, ते हृदयाच्या बाबतीत नागपूर, नाशिक, कोल्हापूर, पणजीला का जमू नये? मोठी इमारत लागत नाही, एक तयार डॉक्टर आणि आठ-दहा मुलं पुरतात.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं 2013 पासून शाळाशाळांत आणि अंगणवाड्यांत जाऊन मुलांच्या छातीला स्टेथोस्कोप लावतात. हजार जन्मांमागे साधारण आठ ते नऊ बाळांना हृदयाचा जन्मजात दोष असतो, त्यातले कित्येक या तपासणीत सापडतात. त्याच भेटीत दहा मिनिटं जास्त थांबून स्टेथोस्कोप मुलांच्या कानाला लावून द्यायला कुठलाही जीआर लागत नाही. विज्ञानशिक्षकांनी यंदा जवळच्या रुग्णालयाच्या हृदयरोग विभागाला एक पत्र लिहावं, आणि विभागप्रमुखांनी वर्षातला एक शनिवार त्या मुलांसाठी राखून ठेवावा. मुलं निवडताना ज्यांच्या घरात कुणी डॉक्टर नाही, त्यांची नावं आधी घ्यावीत.