उवा निघतात, लिखा का राहतात? फणीच्या दातांत दडलंय उत्तर

शाळेतून मुलगी डोकं खाजवत आली की घरात फणीची शोधाशोध सुरू होते. साध्या फणीने उवा निघतात, पण लिखा तशाच राहतात. कारण ऊ २ ते ३ मिलिमीटर लांब, तर लीख जेमतेम ०.८ मिलिमीटर लांब आणि ०.३ मिलिमीटर रुंद असते. शिवाय ती केसाला घट्ट चिकटलेली असते.

प्लॅस्टिकचे दात विंचरताना वाकतात, फट रुंदावते आणि लीख निसटते. म्हणून सुधारित फणीला स्टीलचे, न वाकणारे दात असतात. दोन दातांतली फट ०.२ ते ०.३ मिलिमीटरच. काही फण्यांच्या दातांवर मळसूत्रासारख्या बारीक खाचा असतात, त्यात लीख खरवडली जाते. टोकं गोल असल्याने टाळूला ओरखडे पडत नाहीत.

केस ओले करून, कंडिशनर लावून फणी मुळापासून टोकापर्यंत फिरवावी. लीख साधारण ७ ते ९ दिवसांत फुटते. त्यामुळे एकदा विंचरून भागत नाही. दर ३-४ दिवसांनी, किमान दोन आठवडे विंचरावं.

रॉकेल किंवा पिकावरचं औषध मात्र डोक्याला कधीच लावू नये. ते जिवावर बेतू शकतं.