केनियातील घटनादुरुस्ती आणि मूलभूत चौकटीचा सिद्धांत

प्रस्तावना :

घटनादुरुस्तीचा अधिकार नेमका कोणाचा, हा प्रश्न भारतीय अभ्यासकांना केशवानंद भारती खटल्यापासून परिचित आहे. संसदेला घटनेत दुरुस्ती करता येते, परंतु घटनेची मूलभूत चौकट मोडता येत नाही, असे तेरा न्यायमूर्तींच्या पीठाने २४ एप्रिल १९७३ रोजी सात विरुद्ध सहा अशा मतांनी ठरविले. हा सिद्धांत पुढे पूर्व आफ्रिकेत पोहोचला आणि केनियाच्या सर्वोच्च न्यायालयाने ३१ मार्च २०२२ रोजी तो बहुमताने नाकारला. तथापि ज्या दुरुस्तीवरून वाद उद्भवला होता, ती दुरुस्तीही या निकालात टिकली नाही. हे कसे घडले, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :

केनिया १२ डिसेंबर १९६३ रोजी स्वतंत्र झाला. स्वातंत्र्याबरोबर मिळालेल्या घटनेत प्रांतांना अधिकार होते व संसदेची दोन सभागृहे होती. काही वर्षांतच एकामागून एक दुरुस्त्या करून हे सर्व मोडीत काढण्यात आले. १९६६ मध्ये वरिष्ठ सभागृहही गेले. १९८२ च्या दुरुस्तीने देशात एकच पक्ष कायदेशीर ठरला आणि ती तरतूद १९९१ पर्यंत टिकली. १९८८ मध्ये तर न्यायाधीशांच्या कार्यकाळाची शाश्वती काढून घेण्यात आली. त्याच दुरुस्तीने मृत्युदंडास पात्र गुन्ह्यातील संशयितास न्यायालयापुढे उभे न करता चौदा दिवस पोलीस कोठडीत ठेवण्याची मुभा दिली. न्यायाधीशांचे संरक्षण १९९० मध्ये परत मिळाले. येथे ध्यानात घेण्याजोगी बाब अशी की, यांतील प्रत्येक बदल संसदेत रीतसर मंजूर झाला होता. घटना मोडण्यासाठी घटनाबाह्य मार्ग धरण्याची गरजच पडली नाही.

म्हणूनच २००४ मध्ये न्जोया खटल्यात केनियाच्या उच्च न्यायालयाने केशवानंद निकालाचा आधार घेतला, याचे नवल वाटत नाही. संसद घटनेत दुरुस्ती करू शकते, पण जुनी घटना काढून तिच्या जागी नवी घटना आणण्याचा अधिकार जनतेचाच, असे तेथे बहुमताने सांगण्यात आले. पुढे २००५ चा मसुदा जनतेने सार्वमतात फेटाळला. २००७ च्या निवडणुकीनंतरच्या हिंसाचारात हजाराहून अधिक माणसे मेली. त्यानंतर ४ ऑगस्ट २०१० च्या सार्वमताने विद्यमान घटना स्वीकारली गेली.

दुरुस्तीची नवी पद्धत :

या घटनेच्या अनुच्छेद २५५ मध्ये दहा विषय नमूद आहेत. घटनेची सर्वोच्चता, जनतेचे सार्वभौमत्व, मूलभूत हक्क, राष्ट्राध्यक्षाचा कार्यकाळ, न्यायसंस्थेचे स्वातंत्र्य इत्यादींचा त्यांत समावेश होतो. त्यांना स्पर्श करणारी दुरुस्ती सार्वमताविना अमलात येत नाही. सार्वमतही साधे नाही; देशातील ४७ काउंट्यांपैकी किमान निम्म्यांमध्ये प्रत्येकी २० टक्के नोंदणीकृत मतदारांनी मतदान केले पाहिजे. अनुच्छेद २५७ नागरिकांना वेगळा मार्ग देतो : दहा लाख मतदारांच्या स्वाक्षऱ्या मिळाल्यास दुरुस्तीचा प्रस्ताव जनतेकडूनच येऊ शकतो.

नेमक्या याच मार्गाचा उपयोग सत्ताधाऱ्यांनी केला. राष्ट्राध्यक्ष उहुरू केन्याटा व त्यांचे प्रतिस्पर्धी राइला ओडिंगा यांनी ९ मार्च २०१८ रोजी समेट केला. त्यातून निघालेल्या 'बिल्डिंग ब्रिजेस' उपक्रमातून पंतप्रधानपद निर्माण करणारी व सत्तर नवे मतदारसंघ जोडणारी दुरुस्ती पुढे आली. स्वाक्षऱ्या गोळा झाल्या, चाळीसहून अधिक काउंटी विधिमंडळांनी होकार दिला, संसदेनेही मान्यता दिली.

न्यायालयीन निर्णय :

१३ मे २०२१ रोजी उच्च न्यायालयाने व २० ऑगस्ट रोजी अपील न्यायालयाने ही दुरुस्ती रोखली. मूलभूत चौकटीचा सिद्धांत केनियात लागू आहे, ही भूमिका दोन्ही ठिकाणी घेतली गेली. सर्वोच्च न्यायालयाने ती अमान्य केली. घटनादुरुस्तीच्या प्रकरणातच पुरेसे संरक्षण असताना बाहेरून सिद्धांत आणण्याचे प्रयोजन नाही, असे बहुमताचे म्हणणे होते. मात्र अनुच्छेद २५७ चा मार्ग नागरिकांचा आहे, राष्ट्राध्यक्ष त्याद्वारे दुरुस्ती सुरू करू शकत नाही, हे त्याच न्यायालयाने ठामपणे सांगितले. सत्तर मतदारसंघांची तरतूद लोकसहभागाविना घुसडल्यामुळे अवैध ठरली.

भारताशी तुलना करताना येथे सावध राहावे लागते. आपल्या अनुच्छेद ३६८ मध्ये सार्वमत नाही. संसदेचे विशेष बहुमत आणि काही विषयांत निम्म्या राज्यांची संमती एवढेच आहे. जनतेला थेट विचारण्याची सोय नसल्यामुळे संसदेला मर्यादा घालण्याचे काम न्यायालयाकडे आले. केनियाच्या सर्वोच्च न्यायालयाचा निकाल म्हणून केशवानंद निकालाचा पराभव मानणे योग्य होणार नाही.

प्रस्तुत लेखकाच्या मते खरी अडचण पुढेच आहे. एखादी दुरुस्ती त्या दहा विषयांना स्पर्श करते किंवा नाही, हे कोणी ठरवायचे? लोकप्रतिनिधींची संख्या वाढविणे म्हणजे निव्वळ आकड्यांचा फेरफार, की दहांपैकी एक असलेल्या 'संसदेचे कार्य' या विषयातील बदल? असे वाद शेवटी न्यायाधीशांपुढेच येणार. चौकट कोणती, हा प्रश्न अशा रीतीने वेगळ्या रूपाने न्यायालयात परत येतो. फरक एवढाच की भारतात अशा दुरुस्तीस नकार मिळाला की विषय संपतो, तर केनियात तो सार्वमताकडे जातो.