एनजीओची नोकरी: आवड सगळेच लिहितात, काम कोण दाखवतो?

डीएड, बीएड, एमएसडब्ल्यू झालेली आपल्या समाजातली कितीतरी मुलं-मुली गोंदिया जिल्ह्यात शिक्षक भरतीची वाट बघत घरी बसली आहेत. सामाजिक संस्थांमध्ये जागा निघतात, अर्जही जातात, पण बोलावणं येत नाही. मग घरात म्हटलं जातं, "ओळख लागते" किंवा "नाव बघूनच बाजूला ठेवलं." असं घडतच नाही, असं नाही. पण बऱ्याच अर्जांत काम केल्याचा पुरावाच नसतो, हेही खरं.

संस्था काय बघते?

संस्थेला कार्यकर्ता देवरी-सालेकसाच्या गावात एकट्याने पाठवायचा असतो. तो खरंच घरोघरी गेला की झाडाखाली बसून फॉर्म भरले, हे रोज कोण तपासणार? म्हणून भरवशाचा माणूस हवा असतो. "मला समाजसेवेची आवड आहे" हे वाक्य सगळेच लिहितात. त्यावरून काहीच कळत नाही. ज्यासाठी वेळ आणि मेहनत घातली, तेच बोलतं.

'प्रथम' संस्थेची 'असर' पाहणी घ्या. २००५ पासून चालत आलेल्या या पाहणीत प्रत्येक ग्रामीण जिल्ह्यातली ३० गावं आणि दर गावातली २० घरं निवडतात. स्थानिक स्वयंसेवक घरी जाऊन मुलांचं वाचन आणि गणित तपासतात. हे काम केलेल्या मुलाला मुलाखतीत सांगायला खूप असतं: घर बंद होतं तेव्हा काय केलं, आईने नकार दिला तर कसं समजावलं. आपल्याच जिल्ह्यात सारस पक्ष्यांची गणना होते, तिथेही स्वयंसेवक लागतात. गडचिरोलीच्या 'सर्च' संस्थेचा 'निर्माण' उपक्रम २००६ पासून तरुणांची निवड सविस्तर फॉर्म आणि मुलाखतीतून करतो.

अर्जात काय लिहावं?

- मोहल्ल्यात शिकवणी घेतली असेल तर किती मुलं, किती महिने, काय फरक पडला.
- मदरशातल्या मुलांना मराठी शिकवलं, लोकांचे रेशन कार्डाचे फॉर्म भरून दिले, लसीकरणात मदत केली, तर तेही काम आहे.
- उर्दू, हिंदी, मराठी येतात हे ठळक लिहा. गोंडी येत असेल तर सोन्याहून पिवळं.
- तुमचं काम पाहिलेल्या दोन व्यक्तींचे नंबर, त्यांना विचारून.

खिदमत म्हणजे फुकट राबणं नव्हे

स्वयंसेवा करा, पण मुदत ठरवून, आणि शेवटी प्रमाणपत्र मागा. नोकरी असेल तर पगार, प्रवास भत्ता आणि करार किती महिन्यांचा, हे आधीच विचारा. बऱ्याच जागा प्रकल्पावरच्या असतात. निधी संपला की नोकरीही संपते. मुलींनी परतायची वेळ आणि गाडीची सोय विचारण्यात लाजू नये. नोकरीसाठी कोणी पैसे किंवा डिपॉझिट मागितलं तर तिथूनच परत फिरा. संस्थेची नोंदणी धर्मादाय आयुक्तांकडे आणि नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवर बघता येते.

आणि एक विनंती आपल्या ट्रस्ट, शिक्षण संस्था आणि बैतुलमालच्या जबाबदार मंडळींना. जागा निघाली की मशिदीच्या फलकावर, व्हॉट्सअॅप ग्रुपवर उघडपणे टाका. जागा ही अमानत आहे. ती भाच्या-पुतण्यांत वाटली, तर बाहेरच्यांना "ओळख लागते" म्हणायचा हक्क आपल्याला कुठून राहील?