‘फोडणी दे’ म्हटलं की पुरे!

२६ नोव्हेंबर २०२३. निफाडच्या बाजूला गारपीट झाली आणि द्राक्षबागा झोपल्या. बागांबरोबर थिनिंग-डिपिंगला जाणाऱ्या बायकांची मजुरीही बुडाली. (तिचा पंचनामा होत नाही, हे जाता जाता!) तेव्हापासून आमच्या गटातल्या बायका विचारतात, “ताई, पाऊस नेमका आमच्याच गावात पडणार का, हे का सांगत नाहीत?”

मैत्रिणींनो, ते सोपं नाही. पुण्याला पाषाणमध्ये आयआयटीएम ही हवामानशास्त्राची संस्था आहे. तिथे २०१८ मध्ये ‘प्रत्युष’ आणि २०२४ मध्ये ‘अर्का’ हे महासंगणक आले. नकाशाचे चौकोन पाडायचे आणि प्रत्येकातलं हवामान मोजायचं. आधी चौकोन १२ किलोमीटरचा होता, मे २०२५ पासून ‘भारत फोरकास्ट सिस्टिम’मध्ये ६ किलोमीटरचा झाला. बाजू निम्मी झाली की चौकोन चौपट, आणि हिशेब त्याहूनही जास्त. म्हणून हजारो प्रोसेसर एकाच वेळी राबतात.

एकत्र राबणं म्हणजे काय, ते पापडांच्या ऑर्डरच्या वेळी बघावं. लाट्या वेळेवर आल्या नाहीत, की लाटणाऱ्या हात बांधून बसतात. इथंही शेजारच्या चौकोनातला वारा कळल्याशिवाय आपला हिशेब पुढे सरकत नाही. कोणी काय करायचं, कोणासाठी थांबायचं, सगळं प्रोग्रॅममध्ये लिहायचं. यंत्र बदललं की बरंचसं पुन्हा लिहा! ढगांचा अभ्यास केलेल्या माणसानं हे कुठवर करावं?

यावर तोड निघाली ती कामापुरत्या भाषेची. आपण लेकीला नुसतं “फोडणी दे” म्हणतो. तेल तापव, मोहरी तडतडू दे, मग हिंग-हळद, असं पढवत बसत नाही. गॅस असो की चूल, ती जमवून घेते. बँकेत ही भाषा कामाची नाही, पण स्वयंपाकघरात एका शब्दात काम होतं. तसंच शास्त्रज्ञानं फक्त लिहायचं, “शेजारच्या चौकोनांवरून याचं तापमान काढ.” वाटणी भाषेमागचा प्रोग्रॅम करतो.

स्वित्झर्लंडच्या हवामान खात्यानं आपल्या प्रोग्रॅमचा गाभा ‘स्टेला’ नावाच्या अशा भाषेत नव्यानं लिहिला. २०१६ मध्ये तिथला रोजचा अंदाज ग्राफिक्स प्रोसेसरवर, म्हणजे मुळात कॉम्प्युटरवरच्या चित्रांसाठी बनलेल्या चिप्सवर, निघू लागला. चौकोन केवढा? १.१ किलोमीटरचा! अर्थात, तो देश जेमतेम पावणेतीन नाशिक जिल्ह्यांएवढा.

गटात हे सांगितलं, तर एकीनं लगेच विचारलं, “मग आपला चौकोन एकाचा कधी होणार?”

मी म्हटलं, “सध्या सहाचा आहे. त्यात आपली चार गावं बसतात.”

“मग पाऊस चारातल्या कोणत्या गावात?”