नोव्ह्याची न निघालेली चांदीची पट्टी

हिंगोलीच्या मुलखाचा आणि युरोपातल्या पदकसंग्राहकांचा काय संबंध? तो एका अरुंद चांदीच्या पट्टीचा असता, पण ती पट्टी कधी निघालीच नाही.

जानेवारी 1819 मध्ये निजामाच्या फौजेने इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली नांदेड-हिंगोलीच्या मुलखातील नोव्ह्याच्या गढीला वेढा घातला. आत होते हटकर सरदार नौसाजी नाईक. 8 तारखेला सुरू झालेला वेढा 31 ला गढी पडल्यावर संपला. पुढे 1851 मध्ये इंग्रजांनी हिंदुस्थानातील जुन्या मोहिमांसाठी ‘आर्मी ऑफ इंडिया’ पदक काढले. एका बाजूस राणी व्हिक्टोरिया, दुसरीकडे बसलेली पंखधारी विजयदेवता. प्रत्येक लढाईच्या नावाची वेगळी पट्टी वर अडकवलेली असे. असई, कोरेगाव यांच्या पट्ट्या होत्या; नोव्ह्याची मात्र नव्हती. पदक फक्त हयात असलेल्यांनाच मिळे आणि या लढायांना तेव्हा अनेक वर्षे उलटली होती. त्यामुळे ही पदके दुर्मीळ. हरलेल्या बाजूला अर्थातच काही नाही!

दुर्मीळ म्हटले की बनावट आलीच. जाणकार आधी पदकाची कड पाहतात, कारण तिथे सैनिकाचे नाव कोरलेले असते. मग ते नाव, पलटण आणि पट्टी लष्करी नोंदींशी जुळते का, हे तपासतात. खऱ्या पदकाला नंतर जोडलेली पट्टी फसवते, म्हणून जोडाच्या खिळ्यांकडेही नजर हवी. आणि चांदी घासून चकचकीत करू नये. त्याने उठाव झिजतो, किंमतही उतरते.